चंद्रोदयाची टेस्ट

घोडबंदर रोडवरच्या एका इमारतीत आमची छोटीशी कंपनी आहे. आम्ही पंचांगाचं ॲप बनवतो. सण, एकादश्या, मुहूर्त असं सगळं त्यात आहे, पण लोकांची सगळ्यात लाडकी सोय म्हणजे चंद्रोदयाची घंटा. संकष्टीचा उपास करणाऱ्यांनी आपलं गाव निवडून ठेवायचं. तिथला चंद्र उगवला की फोनमध्ये घंटा वाजते, मग नैवेद्य दाखवायचा आणि पानावर बसायचं.

मी तिथे टेस्टर म्हणून लागलेले. ॲपची नवी आवृत्ती निघायची झाली की टेबलावर फोन ओळीने मांडायचे, एकेकाची तारीख पुढच्या संकष्टीवर न्यायची, घड्याळ चंद्रोदयाच्या मिनिटभर आधी लावायचं आणि घंटेची वाट बघायची. वाजली? छान. आता त्याच्या पुढची संकष्टी. डोंबिवलीला घरी पोचल्यावरही माझ्या कानात घंटा वाजत असायची, आणि सासूबाई म्हणायच्या, "अगं, तुला एकटीला वर्षभराचं पुण्य मिळालं असेल."

मग युनिट टेस्टबद्दल वाचलं. कोडचा एक छोटासा तुकडा बाजूला घ्यायचा आणि तो बरोबर चालतो का, हे दुसऱ्या छोट्या कोडनेच तपासायचं. फोन नको, बोटं नकोत, वाट बघणं नको. दुपारच्या सुट्टीत व्हिडिओ बघून मी ते शिकले आणि एक दिवस धीर करून मॅडमना विचारलं, हे आपल्या ॲपला जोडू का? मॅडम म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण. त्या लगेच म्हणाल्या, "जोड की. आवृत्ती मात्र अडकता कामा नये."

आमचे दादा तेवढे खूश नव्हते. ॲपचं बरंचसं कोड त्यांनीच लिहिलेलं. ते कल्याणचे, आमच्यात सगळ्यात सीनियर.

"टेस्ट करायला तू आहेस ना?" ते म्हणाले.

"मी आहे म्हणूनच म्हणतेय, दादा."

सुरुवात काही फार मंगल झाली नाही. टेस्टिंगची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, जोडली आणि ॲप बांधून तयारच होईना. हिला एका गोष्टीची नवी आवृत्ती हवी, जुन्या लायब्ररीला तीच गोष्ट जुनी हवी. सासू-सुनांचं जमवावं तसं मी त्या दोघींचं जमवत बसले. ते जमलं तर पुढे दुसरीच गाठ: चंद्रोदयाची वेळ काढणारं कोड आणि स्क्रीनवर ती दाखवणारं कोड एकमेकांत असं गुंतलेलं की एकाला हात लावला की दुसरं ओरडायचं. दादांना विचारण्यावाचून इलाज नव्हता. ते कुरकुरत माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले, आणि बसले ते उठेचनात. संध्याकाळपर्यंत त्यांनी वेळ काढणारा भाग अख्खा वेगळा करून दिला आणि स्वतःच म्हणाले, "छान सुटसुटीत दिसतंय की हे!"

मी टेस्ट लिहिल्या. कल्याण, ठाणे, पुणे, नागपूर, वर्षभरातल्या सगळ्या संकष्ट्या. बटण दाबलं. पापणी लवायच्या आत सगळ्या ओळी हिरव्या, म्हणजे सगळ्या टेस्ट पास! मी खुर्चीतून उठून टाळ्याच वाजवल्या. मॅडम केबिनमधून धावत आल्या. त्यांना वाटलं, कुणाचं लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी दादांनी त्याच टेस्ट त्यांच्या कॉम्प्युटरवर चालवल्या. सगळ्या लाल.

"बघ," ते म्हणाले. "तुझा चंद्र काय माझ्याकडे उगवत नाही."

मी त्यांच्या स्क्रीनकडे बघितलं. कोपऱ्यातल्या घड्याळात पहाट होती, बाहेर भर दुपार.

"दादा, तुमच्याकडे किती वाजलेत?"

"ते होय? आधी अमेरिकेचं काम होतं ना माझ्याकडे. घड्याळ बदललंच नाही. मला आता मनात बेरीज करायची सवय झालीय."

ते घड्याळ बदलायला गेले, पण मी म्हटलं, थांबा. कॉम्प्युटर परदेशातल्या वेळेवर असू शकतो, तर माणसाचा फोनही असू शकतो. कोड उघडून बघितलं. आमच्या तक्त्यात नुसतं लिहिलेलं, चंद्रोदय अमुक वाजता. कुठल्या घड्याळाने, ते नव्हतंच. फोन बिचारा आपल्याच घड्याळाने घंटा वाजवायचा.

दादा एकदम कपाळावर हात मारून हसायला लागले. "आत्या!"

त्यांची आत्या मस्कतला मुलाकडे असते. घरच्यांबरोबरच उपास सोडायचा म्हणून ॲपमध्ये गाव कल्याणच ठेवलेलं. दर संकष्टीला तिची तक्रार: तुमची ताटं उचलून झाली तरी माझी घंटा वाजत नाही. आणि दर वेळी दादा सांगायचे, नेट स्लो असेल. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर.

"आत्या, नेट स्लो नव्हतं. आमचंच चुकलेलं."

"मी काय वेगळं सांगत होते मेल्या? दीड-दीड तास उपाशी बसवलंस म्हातारीला!" पण तीही हसत होती.

मी आधी टेस्ट लिहिली: फोन मस्कतमध्ये, गाव कल्याण. लाल आली. मग दादांनी कोड सुधारलं आणि ती हिरवी झाली. त्यांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ आम्ही मुद्दाम तसंच ठेवलं, पुन्हा असं चुकलं तर लगेच कळावं म्हणून.

पुढच्या संकष्टीला दादांनी आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. वहिनींनी उकडीचे मोदक केलेले. टेबलावर दादांचा फोन, शेजारी वहिनींच्या फोनवर व्हिडिओ कॉलमध्ये आत्या, तिच्यापुढेही ताट. बोलता बोलता सगळ्यांचे डोळे फोनकडे लागले. मॅडम चक्क नखं खात होत्या. आणि घंटा वाजली, आमच्याकडे आणि मस्कतला, एकदमच. वहिनींच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "दिसला, दिसला!"

आत्याने हात जोडले, मग स्क्रीनच्या अगदी जवळ आली. "ती टेस्टवाली मुलगी कुठंय?"

दादांनी फोन माझ्यापुढे धरला. मी खाली बघतच नमस्कार केला.

"अगं, लाजतेस काय," आत्या म्हणाली. "आधी मोदक घे. आणि तूप नीट घाल, वरवर नको."

मी मोदक फोडला आणि तुपाचं भांडं ओढून घेतलं.