आक्कानं अंथरलेलं पोतं

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मांजराला इंजेक्शन देत होतो. फोन वाजू दिला. सुई टोचताना हात हलवायचा नाही, हे तिनंच शिकवलं होतं...

आक्का माझी थोरली बहीण, जनावरांची डॉक्टर. आमची आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती; तिची ही लेक सूक्ष्मदर्शकाखाली जनावरांचे आजार शोधायची. दोन वर्षांपूर्वी आमच्या अनगोळच्या घरातला गब्बू, सात किलोचा बोका, पाण्याच्या भांड्यापासून हलेना. त्याला शुगर निघाली. दूधभाताचे लाड नडले, असं सगळेच म्हणाले. मी घाबरून त्याचं खाणं तोडलं आणि चमच्यानं कारल्याचा रस पाजायला लागलो. शेजाऱ्यांनी पोत्यात घालून जांबोटीच्या रानात सोडायला सांगितलं. नकोशा मांजराला आमच्याकडं तीच वाट. मीही पोतं धुऊन वाळत घातलं होतं, हे आज कबूल करतो.

आक्कानं ते दोरीवरून ओढलं. कारल्याच्या रसावरून माझी सालटी काढली. मग प्रयोगशाळेत नेऊन एका मेलेल्या मांजराच्या स्वादुपिंडाचा काप काचेवर दाखवला. इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांत गुलाबी थर साचले होते. याच पेशी इन्सुलिनबरोबर आणखी एक प्रथिन सोडतात, ती सांगत होती. मांजरात त्याची घडणच अशी, की पेशींवर ताण आला की ते चुकीचं दुमडतं, त्याचे धागे एकमेकांना चिकटतात. तेच अमिलॉइड. ते साचत जातं, पेशी मरत जातात. कुत्र्यात असं होत नाही, माणसात होतं.

“वजनाचा भार असतोयच रं. पर ही घडण त्येच्या जन्माची हाय, त्येला दोष कशाला? मला बी शुगर हाय, माझ्या पोटात बी हेच साचलंय. मला पण रानात सोडून येतोस काय?”

घरी येऊन तिनं तेच पोतं फ्रिजशेजारी गब्बूला अंथरलं.

दीड महिन्यापूर्वी तिचं हृदय थांबलं. भेटायला आलेले म्हणाले, गोड सुटलं नाही, मांजरांच्या नादात स्वतःला जपलं नाही. एरवी मी मान डोलावली असती. खोटं आहे ते. वीस वर्षं वेळच्या वेळी सुई घेऊन ती आजाराशी भांडली. आजारी माणसालाच गुन्हेगार ठरवणाऱ्यांना मी चहाही विचारला नाही.

सकाळी सात वाजता गब्बू सुईसाठी त्या पोत्यावर येऊन बसतो. काल शेजाऱ्यानं विचारलं, ह्येचं अजून किती दिवस करणार? म्हटलं, उद्या सातला या, ह्येला धरायला.