विमानतळावरची काजळी

सुरुवात माझ्या गाढवपणापासून करतो. ग्रामदैवताचा नारळ मोठ्या बॅगेत न टाकता मी हातातल्या पिशवीत घेतला... आणि सिक्युरिटीच्या मशीनमध्ये तो असा काही दिसला की दोन जवान आणि एक मॅडम आमच्या पिशवीभोवती गोळा झाले. जळोचीत आमच्या चौकात भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून घरी जाऊन झोपणारा माणूस मी. तरी हे लिहितोय.

परवा याच ग्रुपवर विषय निघाला — मोठ्या शहरातला विमानतळ चांगला कशानं ठरतो? कुणी वाय-फाय लिहिलं, कुणी लाउंज, कुणी झटपट चेक-इन. माझं मत एका शब्दात : संडास. विमानतळाचं नाव लिहीत नाही, ज्यांनी वास घेतलाय ते ओळखतील.

धाकट्या बहिणीचं बंगळुरूला दुसऱ्या दिवशी सकाळी हार्टचं ऑपरेशन होतं. आई अठ्ठ्याहत्तरची, वॉकरशिवाय दहा पावलं चालत नाही. तिचं एकच म्हणणं — आत नेण्याआधी लेकीच्या डोक्यावरनं हात फिरवायचा. दुपारचं विमान चुकलं की ते राहिलंच. व्हीलचेअर आणतो म्हणून गेलेला माणूस अजून येतोय. बायको नारळापाशी अडकली, म्हणून मीच आईला पुढं घेऊन निघालो. त्यात तिला सकाळी बीपीची ती गोळी दिलेली, जिच्यानं सारखं बाथरूमला जावं लागतं.

लेडीजच्या दारात गेली आणि नाकाला पदर लावून परत फिरली.

"शी शी! आरं, पाय ठिवाय जागा न्हाय. जनावरं बरी की रं ह्यांच्यापरीस!"

खोटं नव्हतं. आतनं तपकिरी पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं, त्यात भिजलेल्या कागदाचा लगदा. फिनेलखाली मुताचा वास दबलेला नव्हता, उलट दोघांचं जमलं होतं. समोर अत्तराचं दुकान! दाराशी एक स्क्रीन — हसरे-रडके चेहरे, 'तुमचं मत द्या'. मी लाल चेहरा दाबला. स्क्रीननं आभार मानले.

"थोडी कळ काढ, आई."

"धरवंना रं. साडी खराब झाली तर लेकीपुढं कुठल्या तोंडानं जाऊ?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ओल्यात वॉकर सरकतो म्हणून तो माझ्या हातात दिला, निऱ्या वर खोचल्या आणि भिंत धरून आत गेली.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. आत मला जाता येईना. दार एकच, आणि मी त्याच्यापासून हललो नाही. शेवटी सफाईवाल्या बाईंना हात जोडले. त्या आत जाऊन आल्या.

"आत कोणीच नाही, काका. सगळी दारं उघडी आहेत."

तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, कुठं आहात? मी गेटवर आले, तर आई एकट्याच बसल्यात. बोर्डिंग सुरू झालंय!"

गेट त्या टोकाला. पळताना मलाच धाप लागली, वॉकर माझ्या हातात. आई तिथं खुर्चीत पाय पुढं करून बसलेली, घोट्यापर्यंत स्वच्छ धुतलेले पाय.

"आई, तू इथं कशी आलीस?"

"आपल्या न्हाणीतनं. वालचंदनगरच्या क्वार्टरातल्या. लख्ख घासलेली फरशी, बादलीभर पाणी. भायेर आले तर हितंच की."

वडील तिथं साखर कारखान्यात होते. ते क्वार्टर सोडून तीस वर्षं झाली. वयानं काही बोलत असेल, असं वाटलं. पण पांढऱ्या पदरावर तीन-चार काळे कण होते. बायकोनं ते रुमालानं पुसायला घेतले.

"पुसू नगंस, सूनबाई. फुकर मार. काजळी पुसली की पसरती."

आणि पसरलीच. बॉयलरमध्ये जळणाऱ्या उसाच्या चोयट्यांची काजळी ती — कारखान्याच्या क्वार्टरात वाढलेल्याला ओळखू येते, वाळत घातलेल्या प्रत्येक कापडावर पडायची. पण साडी सकाळी घडी मोडून नेसलेली, गाळपाचा हंगाम संपून दोन महिने झालेले, आणि आम्ही बंद काचेच्या एसीत! नंतर त्या संडासाला दुसरं दार आहे का, कुणी म्हातारीला गाडीवरनं नेलं का, सगळं विचारून पाहिलं. नाही.

विमान मिळालं. संध्याकाळी आईनं लेकीच्या डोक्यावरनं हात फिरवला. बहीण आता ठणठणीत आहे. त्या दिवसाचा अर्थ मात्र अजून लागत नाही.

त्या दिवशी बंगळुरूला उतरल्यावर बायको धावत बाथरूमला जाऊन आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मीपण तिकडं गेटजवळच्या संडासातली घाण बघून दारातूनच परत फिरले होते हो. आईंना न्हाणी दिसली, मग मला का नाही? मी काय तुमच्या घरची नाही?"