अडकित्त्यातली पणजी

पितळेचा एक पोपट... त्याचा एक डोळा लाल मण्याचा, दुसऱ्याच्या जागी नुसतं बारीक भोक. पोटाखाली पोलादी पातं, आणि त्यामागे, खिडकीच्या काचेपलीकडे, सगळं जग पांढरं होऊन आडवं वाहत चाललेलं. लहानपणीचा हिवाळा आठवायचा म्हटलं की मला आधी एवढंच दिसतं. मग हळूहळू वास येऊ लागतात – भाड्याने आणलेल्या जाकिटांना येणारा परक्या घामाचा, हीटरवर वाळत घातलेल्या ओल्या मोज्यांचा, आणि या सगळ्यावर मात करणारा, आईने लॉजच्या इवल्याशा स्वयंपाकघरात दिलेल्या हिंगाच्या फोडणीचा.

तो पोपट म्हणजे आमच्या घरातला अडकित्ता. इकडे परदेशात, ब्लॅकटाउनच्या भाड्याच्या घरात, टीव्हीवरच्या फळीवर तो खणाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेला असे. रविवारी दुपारी, शेजारच्या अंगणातून गवत कापायच्या यंत्राची घरघर येत असताना, बाबा तो बाहेर काढून चिंच-मिठाने घासत आणि घासता घासता पणजीची गोष्ट सांगत. चिंचेचं तपकिरी पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळे, पोपट उजळत जाई आणि त्याच्याबरोबर पणजीही.

पणजी वाईची. पणजोबा गेले आणि भाऊबंद जमिनीची वाटणी करायला आले, तेव्हा ती दारात मधोमध बसली आणि तिने सुपारी कातरायला घेतली. बोलली काही नाही. कुणी तिच्या वाट्याचा विषय काढायला तोंड उघडलं, की कट्. पुन्हा कुणी घसा खाकरला, की कट्. संध्याकाळपर्यंत समोर सुपारीचा ढीग झाला आणि भाऊबंद चहासुद्धा न घेता आपापल्या घरी गेले. त्याच रागात शेवटी तिने अडकित्ता जमिनीवर आपटला, तेव्हा पोपटाचा तो डोळा उडाला. तिने कातरलेली सुपारी म्हणे इतकी पातळ असायची, की वाटीतल्या पाण्यावर तरंगे. आम्ही पेंडल हिलच्या दुकानातून सुपारी आणून पुष्कळदा हा प्रयोग केला. आमची सुपारी दर वेळी बुडाली. बाबा म्हणत, आपले हात तेवढे हलके नाहीत.

वाचणाऱ्याला हे सगळं गमतीचं वाटेल, पण माझं नातेवाईकांचं खातं तेव्हा पार रिकामं होतं. चारही आजी-आजोबा मला समज येण्याआधी गेलेले. पुण्याला एक आत्या, ती फोनवर फक्त 'जेवलीस का' एवढंच विचारायची. शाळेत वर्षातून एकदा आजी-आजोबांचा दिवस असे. वर्गात मागच्या बाजूला कुणाची गुलाबी लिपस्टिक लावलेली नॅना, कुणाचे टोपी मांडीवर ठेवून बसलेले लेबनीज आजोबा, कुणाची फिलिपिनो लोला असे सगळे दाटीवाटीने बसत, आणि माझ्या खुर्चीमागची खुर्ची मोकळी राही. त्या खुर्चीत मी पणजीला बसवलं. मैदानावर कुणी माझ्या डब्याच्या वासावरून काही बोललं, तर मी मनातल्या मनात कट् करत असे, आणि आश्चर्य म्हणजे त्याचा थोडाफार उपयोगही होई.

बाबांचं एक छांदिष्ट मंडळ होतं. पुण्या-मुंबईहून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांवर आलेली ही माणसं आठवडाभर ऑफिसात 'नो वरीज' म्हणत आणि शनिवारी कुणाच्या तरी गॅरेजात जमून एकमेकांना आपापल्या वस्तू दाखवत. कुणाकडे नाणी, कुणाकडे काडेपेट्या. खरेकाकू चमचे जमवायच्या, ज्या गावाला जातील त्या गावाचं नाव कोरलेला चमचा. मात्र छंद हा शब्द तिथे कुणी उच्चारत नसे, 'संग्रह' म्हणत. बुटांच्या दोन खोक्यांत मावणाऱ्या संग्रहांनाही अध्यक्ष लागतो. आमचे अध्यक्ष रानडेकाका. ते वेस्टमीडला कुठल्याशा प्रयोगशाळेत वरच्या हुद्द्यावर होते आणि बोलायच्या आधी चष्मा काढून पुसत, जणू पुढचं वाक्य समोर कुठेतरी लिहिलेलं आहे आणि ते स्वच्छ दिसायला हवं. त्यांची बरीच वाक्यं 'आमच्या घराण्यात' पासून सुरू होत. बाबा घरी त्यांची नक्कल करत, आणि मंडळात त्यांच्या शेजारची खुर्ची मिळावी म्हणून लवकर जात.

दर जुलैत, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, मंडळ बायकामुलांसह डोंगरात बर्फ बघायला जाई. त्या वर्षी आम्ही पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वादळ आलं. आम्हा मुलांच्या लाल प्लास्टिकच्या घसरगाड्या दारात एकावर एक रचलेल्या, आणि बाहेर दोन हातांवरचं झाड दिसेना. वारा खिडक्यांच्या फटींतून असा काही शिट्ट्या घालत होता, की बोलणाऱ्यांना आवाज चढवावा लागे, आणि आवाज चढवला की साध्या बोलण्यालाही भाषणाची कळा येते. लॉजचा मालक बुटांवरचा बर्फ झटकत आत आला. खालचा रस्ता बंद झालाय, आज कुणी कुठे जायचं नाही, असं सांगून त्याने खोलीभर नजर फिरवली आणि हसून म्हणाला, "यू आर स्टक विथ ईच अदर, मेट."

मंडळाला याचं मुळीच दुःख झालं नाही. बर्फ बघायला आलेल्या माणसांनी आपापले संग्रह बरोबर का आणावेत, असा प्रश्न कुणालाही पडेल. खरं म्हणजे ती माणसं अशाच एखाद्या वादळाची वाट बघत असावीत. खिचडी झाली, जेवणाच्या टेबलावर कुणाची तरी शाल अंथरली गेली, आणि एकेक जण उभा राहून आपली वस्तू दाखवू लागला. मी बाबांना चिकटून बसले होते. आमची पाळी आली की सुपारी कातरून पाण्यात टाकायची, हे काम माझं होतं. पाण्याची वाटी मी आधीच भरून ठेवली होती. ब्लॅकटाउनमध्ये नाही तरंगली. इथे, या थंडीत, कदाचित तरंगेल, अशी मला फार आशा होती.

आमच्या आधी रानडेकाका उभे राहिले. त्यांनी चष्मा पुसला, मखमली डबी उघडली आणि तिच्यातून पितळेचा पोपट काढला. एक डोळा लाल, दुसरा नाही.

"आमच्या घराण्यात," ते म्हणाले, "एक आत्याआजी होत्या. कराडच्या."

पुढचं मला पाठ होतं. भाऊबंद आले, आत्याआजी दारात मधोमध बसल्या, कट्, पुन्हा कट्, संध्याकाळपर्यंत ढीग... आणि सुपारी इतकी पातळ, की पाण्यावर तरंगे. फक्त गाव निराळं होतं. आज मला नवल वाटतं ते माझ्या तेव्हाच्या मनाचं. संशयाचा कणही त्यात शिरला नाही. मला विलक्षण आनंद झाला. रानडेकाकांना आमची पणजी ठाऊक आहे, त्यांच्याकडे तिचाच दुसरा पोपट आहे, म्हणजे ते आमचे कुणीतरी लागतात. या देशात, याच खोलीत, आपलं माणूस निघालं. मी बाबांच्या कानाशी लागून विचारलं, मग रानडेकाका आपले कोण?

 बाबांचे कान लाल झाले होते. रानडेकाका बसले, टाळ्या झाल्या. बाबा सावकाश उठले, खणाची गुंडाळी सोडली आणि आमचा पोपट त्या पोपटाशेजारी ठेवला. दोघांचा तोच डोळा गेलेला. सगळे पुढे वाकून दोन्ही पोपटांकडे आळीपाळीने बघू लागले.

"पुण्याच्या जुन्या बाजारात घेतला," बाबा म्हणाले. "रानडेसाहेब, मला ही गोष्ट वर फुकट मिळाली होती. तुम्हाला केवढ्याला पडली?"

आधी खरेकाकूंचा हुंदक्यासारखा एक आवाज आला आणि मग सगळी खोली फुटली. माणसं मांडीवर थापा मारून हसत होती, डोळे पुसत होती. आजवर ऐकलेल्या एकूण एक घराण्यांचा सूड मंडळाने त्या एका वाक्यावर उगवून घेतला. बाबा उभेच होते. इतके खूश मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मी वाटी हातात धरून विचारलं, "बाबा, पण पणजी?"

"अगं चिमू, दुकानदाराची गोष्ट ती. सगळेच सांगतात."

"यू सेड शी वॉज आवर्स."

ते हसले. माझ्याकडे बघून नव्हे, लोकांकडे बघून. आणि माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाले की ही बघा, हिलाही विकली मी. पुन्हा हशा झाला. मी आईकडे पाहिलं. आई काकडी कोचत होती आणि मान वर करत नव्हती, त्यावरून तिलाही पहिल्यापासून ठाऊक होतं हे मला कळलं.

एरवी अशा प्रसंगानंतर माणसं गाड्या काढून घरी जातात. आम्हाला जाता येईना. वादळ संध्याकाळपर्यंत तसंच होतं आणि त्या एका खोलीत आम्ही सगळे, दोन काणे पोपट आणि एक पडलेला अध्यक्ष, एकमेकांना टाळत वावरत होतो. पत्त्यांचा डाव मांडला गेला. बाबांना जो तो शेजारी बोलावत होता. मी खिडकीपाशी जाऊन बसले. श्वासाने काच धुरकट होई. बोटाने पुसली, तर पलीकडेही तेच पांढरं.

काही वेळाने रानडेकाका येऊन शेजारी बसले. चष्मा हातात होता, पण ते तो पुसत नव्हते. त्यांनी विचारलं, तू तिला काय म्हणायचीस? मी म्हटलं, पणजी. ते मयताच्या घरी बोलतात तशा आवाजात म्हणाले, "चांगली होती गं." आपली गोष्ट खोटी आहे हे त्यांना माहीत होतं, की तेही आयुष्यभर तिच्यावर विसंबून होते, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या खोलीत पणजीच्या जाण्याचं दुःख झालेली माणसं दोनच होती, आणि त्यातलं दुसरं माणूस माझे वडील नव्हते.

बाबा खोटं बोलले याचा राग मला फार दिवस टिकवता आला नाही. परक्या देशात एकट्या पोरीला एक म्हातारी आणून देणं, ही काही वाईट गोष्ट नव्हे. मी आई झाल्यावर तर ते फारच समजून घेतलं. सलतं ते पुढचं. पणजी एका बाजूला आणि चारचौघांतली एक टाळी दुसऱ्या बाजूला, असा क्षण आला, तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. त्या दिवशी ते आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच तिच्याबद्दल खरं बोलले, आणि ते खरं मला उद्देशून नव्हतंच... मी नुसती मध्ये बसले होते. पुढे कित्येक वर्षं कुठल्याही पार्टीत ते 'तुम्हाला केवढ्याला पडली' हा किस्सा सांगत. तो रंगत जाई. त्यात शेवटी मी भोकाड पसरते. मी रडले नव्हते.

गेल्या महिन्यात मी पुण्याला आत्याला फोन केला. आता ती नव्वदीला टेकली आहे आणि 'जेवलीस का' च्या पुढेही बोलते. मी विचारलं, आपली पणजी वाईची होती का गं? आत्या म्हणाली, वाईचा आपला संबंध काय, आपण भोरचे.  पणजीचं नाव तिला आठवेना. भाऊ म्हणजे माझे आजोबा, आणि घरात सगळे तिला 'भाऊंची आई' म्हणत, तेवढंच. लवकर गेली. वाटणी मागायला कुणी यावं एवढी जमीन नव्हतीच. सुपारीचं काही ठाऊक नाही. "पण विहिरीची फार भीती वाटायची तिला," आत्या म्हणाली. "काठाशी जायचीच नाही. शेजारीण पाणी शेंदून द्यायची, आणि ही त्याच्या बदल्यात तिचं पोर खेळवायची."

एवढंच. अशा गोष्टीला कुठला दुकानदार हात लावणार नाही. मी ती कुणाला सांगितलेली नाही. बाबा आता पेंडल हिलला असतात, आम्ही रविवारी भेटतो, चहा होतो, गुडघ्यांवर बोलणं होतं. त्यांनी त्यांच्या आजीबद्दल कधी विचारलं, तर सांगेन. अजून विचारलेलं नाही.