स्कूटरला सलाईन

घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना इंजेक्शनं देणारी, जखमा बांधणारी ती नर्स. गल्लीतल्या पोरांनी तिला सुईताई म्हणायला सुरुवात केली आणि सव्वीस वर्षांत तिचं खरं नाव दवाखान्याच्या मस्टरपुरतं उरलं. तिची स्कूटरही जवळजवळ तेवढीच जुनी.

सोमवारी हेडक्लार्कनं फर्मान काढलं. लिटरमागे पन्नास किलोमीटर न देणारी गाडी बंद, तिची फेरी दवाखान्याच्या व्हॅनकडे. शुक्रवारी चाचणी. टाकी रिकामी करायची, आपल्या पसंतीचं एक लिटर पेट्रोल घालायचं आणि संपेपर्यंत चालवायची. सुईताईची स्कूटर देत होती शेहेचाळीस. आणि व्हॅन गल्लीत शिरत नव्हती, मुख्य रस्त्यावरच थांबत होती. तिच्या अकरा पेशंटांपैकी नऊ जणांना उंबऱ्यापर्यंत येणं जमत नव्हतं, ते मुख्य रस्ता कसला गाठतात!

पण "आपल्या पसंतीचं" हे दोन शब्द वाचून तिच्या अंगात वारं शिरलं. चारच तर किलोमीटर मिळवायचे होते!

घरी थोरल्या भावानं निकाल देऊन टाकला. स्वतःची गाडी घेतल्यापासून त्याला पेट्रोलमधलं सगळं कळायला लागलं होतं.

"लाल पाटीच्या पंपावरचं प्रीमियम घाल. महाग आहे म्हणजे त्यात काहीतरी असणारच ना?"

दवाखान्यात सगळे निळ्या पाटीचे भक्त. जितकी तोंडं तितके पंप. सुईताईनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मनाशी म्हणाली, ताप किती आहे हे थर्मामीटर सांगतं, पेशंटचा भाऊ सांगत नाही.

तिनं सलाईनची रिकामी बाटली घेतली. त्यावर मापाच्या खुणा असतातच. मेकॅनिकनं बाटलीपासून कार्बोरेटरपर्यंत नळी जोडून दिली आणि मंगळवारी सकाळी सुईताई हँडलला बाटली टांगून निघाली. बघणारे पोट धरून हसले. "ताई, आज कुणाला ॲडमिट केलंत?" तिला हसू आवरत नव्हतं, पण डोळा बाटलीवर होता. प्रत्येक पेट्रोलचा डोस सारखाच, शंभर मिली. रस्ताही तोच.

लालचं प्रीमियम, चार पूर्णांक सहा किलोमीटर. लालचंच साधं, चार पूर्णांक सहा. निळंही तेवढंच. बुधवारी पिवळ्या पाटीवरचं साधं घातलं आणि पाच पूर्णांक दोन! सुईताई भर रस्त्यात ओरडली, "सापडलं!"

"पिवळं?" भावानं नाक मुरडलं. "त्यांच्याकडे तर प्रीमियम मिळतसुद्धा नाही."

रात्रभर धीर धरणं तिच्या जिवावर आलं. पण उतावीळ असली तरी ती नर्सच. गुण आला की औषधानंच आला असं मानायचं नाही, आणखी काय बदललं ते बघायचं. मग आठवलं. पिवळ्या पंपावर हवेच्या नळीपाशी बसणारे आजोबा तिला रागावले होते. "बाई, चाकं पार बसलीत तुमची!" असं म्हणत त्यांनी न विचारताच दोन्ही चाकांत हवा भरली होती.

गुरुवारी तिनं लाल, निळं, सगळं पुन्हा लावून बघितलं. सगळ्यांचे पाच पूर्णांक दोन. रोग रेड्याला, औषध पखालीला! गावभर लोकांचं प्रेशर मोजत हिंडणाऱ्या बाईनं स्वतःच्या चाकांचं कधी मोजलं नव्हतं. ती एकटीच खो खो हसली.

शुक्रवारी तिनं साधं पेट्रोल घातलं. भावानं कपाळावर हात मारला. "अगं, आजच्या दिवशी तरी कंजुषी करू नकोस!"

"कंजुषी नाही दादा, निदान आहे."

मागे मोटरसायकलवर हेडक्लार्क. शेहेचाळीस गेले. अठ्ठेचाळीसला चढ लागला आणि तिनं श्वास रोखला. एकोणपन्नासला स्कूटर खोकली, गचके खाऊन पुन्हा चालू झाली. पन्नास! "पन्नास!" सुईताई एवढ्यानं ओरडली की रस्त्यावरची दुकानं बाहेर आली. एक्कावन्न पूर्णांक चारला स्कूटर गप्प झाली.

"मंजुरीच्या कागदावर सही सोमवारी होईल," हेडक्लार्क म्हणाला. "थांबा, मी पेट्रोल आणतो."

"साडेअकराची जखम आहे माझी." तिनं स्कूटर ढकलायला सुरुवातही केली होती.

त्यानं मोटरसायकल कडेला लावली आणि मागून जोर दिला. गल्ली इतकी अरुंद की त्याला तिरकं चालावं लागलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत खाटेवर एक म्हातारे गृहस्थ दाराकडे डोळे लावून पडले होते.

"आज स्कूटरचा आवाज आला नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, तू आता यायचीच नाहीस."

सुईताई पट्टी सोडायला बसली. हेडक्लार्क दारात क्षणभर उभा राहिला, मग खिशातला कागद काढून भिंतीवर टेकवला आणि तिथेच सही केली.