गळलेलं वाक्य

सोमवारी सकाळी तपासणीचा अहवाल आला. माझ्या पत्नीच्या स्वादुपिंडात कर्करोगाची गाठ होती आणि ती यकृतापर्यंत पोचली होती.

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं लगेच सुरू करू. औषध शरीरभर जाईल, केस जातील, उलट्या होतील. गाठीपर्यंत त्यातलं थोडंच पोचेल.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेली. काही अडलं की वाचायचं, एवढंच मला येतं. वारज्यात आमच्या सोसायटीखाली इंटरनेट कॅफे होता. आयटीत नोकरी शोधणारे तिथे अर्ज भरत बसायचे. त्यांच्या शेजारी बसून मी शोधनिबंध वाचले. एकात लिहिलं होतं: रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढायच्या, केसाहून शेकडो पटींनी बारीक कणांत औषध भरायचं, ते कण या पेशींना गिळू द्यायचे आणि पेशी परत शरीरात सोडायच्या. त्या आपणहून गाठीकडे जातात, आणि औषध तिथेच सुटतं.

हिला असलं इंग्रजी जड जायचं, म्हणून मी वहीत मराठी केलं. प्रयोग उंदरांवर झाला होता. ते वाक्य मी घेतलं नाही. पुढे कधीतरी सांगू, असं ठरवलं.

वाचून ती म्हणाली, हे औषध येईपर्यंत थांबू, ती इंजेक्शनं नकोत. मी मान हलवली. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, विचार करतोय. दोन महिने गेले.

हिने तीस वर्षं छापखान्यांची प्रुफं तपासली होती. एका दुपारी तिने वही पुन्हा वाचायला घेतली. सवयीने हातात पेन्सिल होती. एके ठिकाणी ती थांबली.

“अहो, इथे एक वाक्य गळलंय. हे औषध दिलं कोणाला होतं?”

मी सांगितलं.

“तीस वर्षं परक्यांच्या चुका काढल्या,” ती म्हणाली. “घरची नेमकी सुटली.”

मग वही मिटून म्हणाली, “उद्या डॉक्टरांकडे जाऊ.”

डॉक्टरांनी रक्त तपासलं. आता शरीर इंजेक्शनं झेलणार नाही, असं त्यांनी हिलाच सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पाच आठवड्यांनी ती गेली.

पेशींतून औषध नेण्याचे प्रयोग अजून चालू आहेत, असं वाचतो. वेळेवर इंजेक्शनं घेतली असती तर तिला किती दिवस मिळाले असते, हे मी डॉक्टरांना तेव्हा विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.