जावेच्या तलवारीची धार

आपल्याला धाकट्या जावेचा राग नाही, असं धारवाली स्वतःला रोज बजावायची. राग नसलेल्या माणसाला हे रोज बजावावं लागत नाही, हे तिला कोण सांगणार?

सगळ्या बाजाराच्या कात्र्या, सुऱ्या आणि वस्तरे तिच्या हाताखालून जायचे. कोपऱ्यावरचं ते चिंचोळं दुकान वडिलांनी मागे ठेवलेलं. आत फिरणारी दोन दगडी चाकं, पाण्याची पत्र्याची बादली आणि बसायला एक स्टूल. रविवारी मात्र दुकान बंद ठेवून ती शाळेच्या हॉलमध्ये तलवारीच्या वर्गाला जायची. तीन वर्षं लाकडी तलवार फिरवून तिच्या तळहाताला घट्टे पडले होते. जाऊ औषधांच्या दुकानात कामाला होती. पाच महिन्यांपूर्वी ती "ताई, मीही येऊ का?" म्हणत मागोमाग आली आणि राहिली.

धारवालीच्या मनात एकच गोष्ट होती. वर्गात सरांशिवाय कुणाकडेच खरी तलवार नव्हती. ती पहिल्यांदा आपल्याकडे यावी. भिंतीवर टांगायची शोभेची नव्हे. जुन्या घाटाची, पण आजच्या पोलादात घडवलेली, चालवायची तलवार. शोभेच्या तलवारीचं पातं मुठीत जेमतेम बोटभर शिरलेलं असतं; जोरात वार केला की ते सुटून समोरच्याच्या अंगावर जायचं. म्हणून वर्षभर तिने चौकशी केली, वजनं ताडून पाहिली आणि दूरच्या एका कारागिराचं काम पसंत केलं. जेवताना हे सगळं ती जावेला सांगायची, ताटाशेजारी बोटाने पातं काढून दाखवायची. जाऊ मन लावून ऐकायची.

आणि एक दिवस जावेच्या नावाने लांबलचक खोकं आलं.

"तुम्ही सांगितलंत ना, ताई, तोच कारागीर," जाऊ आनंदाने म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं? सगळं तुमच्यामुळे!"

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं धारवालीच्या अगदी जिभेवर आलं होतं. ती म्हणाली, "छान आहे हो." तलवार हातात घेतली तर मनगटात अशी बसली, की तिच्या अंगाचा तिळपापड झाला. वाईट तरी निघायची होती मेली!

तलवार आली होती बोथट. धार गिऱ्हाइकाने आपली आपण लावून घ्यायची, अशी त्या कारागिराची रीत. जावेने ती दुकानात आणून ठेवली. "तुमच्याशिवाय कुणाच्या हातात देणार नाही," असं वर सांगून गेली.

चाकावर पातं तापतं, म्हणून दर दोन-तीन घासण्यांनंतर ते बादलीत बुडवायचं असतं. नाही बुडवलं तर कडा आधी पिवळी पडते, मग तपकिरी, मग निळी. निळी पडली की पोलादाचं पाणी उतरलं, ते मऊ पडलं. पुढे कितीही चकाकवा, कठीण काही लागलं की ती धार मुडपणारच. धारवालीने जवळजवळ सगळं पातं मन लावून केलं. टोकाकडचा वीतभर भाग राहिला, नेमका वार बसतो तो. बादली पायाशी होती. तिने पातं बुडवलं नाही. पिवळं झालं, बघितलं. तपकिरी झालं, बघितलं. निळं झाल्यावर तिने चाक थांबवलं, आणि मग सावकाश, तेल लावून, तो निळा रंग घासून काढला. जावेने तिचं काय घोडं मारलं होतं? काहीच नाही, आणि तेच तिला सोसत नव्हतं. त्याच संध्याकाळी तिने त्याच कारागिराकडे आपली तलवार मागवली.

पुढच्या रविवारी सरांनी वार करून बघायला भिजवलेल्या चटईची गुंडाळी उभी केली. आत मधोमध लाकडाची काठी होती. जावेचा वार सरळ गेला, काठीत अडकला, आणि पातं बाहेर काढलं तर धार ओठासारखी दुमडलेली! जावेच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी पातं उजेडात धरलं.

"पोलादच वाईट. या कारागिराची तलवार पुन्हा इथे आणायची नाही. उद्या मोडून कुणाच्या डोळ्यात गेली म्हणजे?"

त्याच कारागिराकडे मागवलेली धारवालीची तलवार तर वाटेत होती. चार दिवसांनी तिची तलवार आली तेव्हा जाऊच हळहळली, "आपण दोघीही फसलो, ताई." आता आयुष्यातली पहिली तलवार माळ्यावर टाकायची? धारवालीला ते जमेना. तिने तीन दिवस खपून, घासणीगणिक पाण्यात बुडवून तिला धार लावली आणि रविवारी हॉलमध्ये नेली.

"माझी तशी नाही. एकदा बघा तरी," ती सरांच्या मागेच लागली.

सरांनी मूठ खोलून आतलं पातं पाहिलं, कुरकुरत एका वाराची परवानगी दिली. धारवालीने वार केला. चटई, काठी, सगळं एका दमात तुटून खाली पडलं. वर्ग ओरडला. याच क्षणासाठी तिने तीन वर्षं काढली होती.

सरांनी तिच्या धारेवर कानस फिरवली. पोलाद इतकं कठीण, की कानस नुसती घसरली. मग त्यांनी गेल्या रविवारपासून हॉलच्या कपाटातच पडलेली जावेची तलवार काढली. तिच्यावरही कानस घसरत गेली, टोकाजवळच्या वीतभर भागात मात्र करकरून रुतली.

"पोलाद एकच आहे आणि उत्तम आहे," सर म्हणाले. "हिची एवढीच धार जळली आहे. कुणी लावली होती?"

"ताईंनीच! दोन्हींना," जाऊ अभिमानाने म्हणाली.

सरांनी कानस खाली ठेवली. "होतं घाईत. पाण्यात बुडवायचं राहिलं असेल."

"हो ना, ताईंच्या दुकानात गर्दी किती असते," जाऊ लगेच म्हणाली. "चुकून झालं असेल. जाऊ द्या."

धारवालीने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण वर्गात एक न्हावी होता, तिचं जुनं गिऱ्हाईक. तो हसून म्हणाला, "बाप रे, म्हणजे आता माझेही वस्तरे तपासून घ्यायला हवेत!"

तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"एकोणीस वर्षं चाकावर बसते मी," ती ताडकन म्हणाली. "माझ्या हातून चुकून धार जळत नाही."

आपण काय बोललो ते तिला कळलं, तेव्हा जाऊ तिच्याकडेच बघत होती.

"मग कशी जळली, ताई?" जावेने विचारलं.