स्टेअरिंग काढून नेणारा मिस्त्री

अर्जुनी मोरगावजवळच्या तलावावर आम्ही स्पीडबोटीत बसलो होतो. तेवढ्यात बोटी दुरुस्त करणारा मिस्त्री आला. त्यानं स्टेअरिंग फिरवून पाहिलं. मागचं इंजिन वळलंच नाही. मधली केबल गंजून अडकली होती.

"उतरा सगळे!" तो ओरडला.

"आज रविवारची गर्दी आहे. ग्रीस लाव, उद्या बदलू," बोटींचा ठेकेदार म्हणाला.

"महिनाभर केबल बदला म्हून सांगून राहिलो तुमाले! इंजन बंद पडलं त बोट थांबते. स्टेरिंग गेलं त थांबत नाही, मानसाच्या अंगावर जाते."

एवढ्या रागातही त्याच्या हातातला पाना एकदाही घसरला नाही. त्यानं स्टेअरिंगचं चाकच खोललं, काखेत मारलं आणि चालू लागला.

फेरी हुकली म्हणून माझी लेक रडत होती. आणि सांगायला लाज वाटते, मला तेव्हा राग त्याचाच आला होता.